प्यायचं पाणी आणि सोडायचं पाणी

नळाला पाणी आलं की ते कुठून आलं हे आपण विचारत नाही. आलं नाही तरच विचारतो. आणि वापरून झालेलं पाणी कुठे गेलं, हे तर गटार तुंबल्याशिवाय कुणीच विचारत नाही. या लेखात हा दुसरा प्रश्न विचारायचा आहे, आणि तो कोल्हापूरला विचारायचा आहे. कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर या शहराने फार मोठ्या खटपटीने मिळवलं आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईनने कोल्हापूरच्या पुईखडीला पोहोचलं. सुमारे ५३ किलोमीटरची जलवाहिनी, धरणाच्या काठावर जॅकवेल, पुईखडीच्या टेकडीवर ८० एमएलडीचं नवं जलशुद्धीकरण केंद्र. एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर; म्हणजे हे केंद्र दिवसाला आठ कोटी लिटर पाणी शुद्ध करू शकतं. योजना मंजूर झाली तेव्हा तिचा खर्च ४८८ कोटींच्या घरात होता. या मागणीसाठी शहराने कित्येक वर्षं मोर्चे काढले, निवडणुका लढवल्या, आश्वासनं ऐकली, आरोप-प्रत्यारोप पाहिले. पाणी आलं तेव्हा लोकांना आनंद झाला आणि तो रास्त होता.

तोवर शहर मुख्यतः शिंगणापूर आणि बालिंगा इथून नदीचं पाणी उपसत होतं. उन्हाळ्यात नदीची पातळी उतरली की पाण्याचा रंग आणि वास दोन्ही बदलत. आणि पावसाळ्यात उलटंच. २०१९ आणि २०२१च्या महापुरात उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली. सगळीकडे पाणीच पाणी, आणि प्यायला टँकरची रांग. ज्यांनी ती रांग पाहिली आहे, त्यांना थेट पाईपलाईनचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

तर प्रश्न पाईपलाईन हवी होती का, हा नाही. हवी होती. प्रश्न असा आहे : ज्या नदीचं पाणी आपण इतकी वर्षं प्यायलो, ती पिण्यालायक राहिली नाही म्हणून आपण दुसरीकडून पाणी आणलं, मग त्या नदीशी आपलं नातं संपलं का? आपण तिला आता काय देणं लागतो? आणि तिच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांना काय?

केंद्रात काय होतं

आधी जलशुद्धीकरण केंद्र नेमकं काय करतं ते पाहू. आपल्याला ते जादूच्या पेटीसारखं वाटतं. एका बाजूने गढूळ पाणी आत, दुसऱ्या बाजूने स्वच्छ पाणी बाहेर.

प्रत्यक्षात ते संयमाचं काम आहे. आलेलं पाणी आधी पायऱ्यांवरून खळाळत सोडतात, म्हणजे त्यात हवा मिसळते. मग तुरटी किंवा तशाच गुणाचं रसायन घालतात. पाण्यात तरंगणारे मातीचे अतिसूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात. मोठ्या गोल टाकीत पाणी संथ ठेवलं की ते पुंजके तळाशी बसतात. वरचं निवळ पाणी वाळूच्या थरांतून गाळतात. शेवटी क्लोरीन. क्लोरीनही नुसतं घालून भागत नाही. शेवटच्या घरातल्या नळापर्यंत थोडं शिल्लक उरलं पाहिजे, लिटरमागे किमान ०.२ मिलीग्रॅम. कारण वाटेत पाईप फुटलेला असू शकतो, शेजारून गटार गेलेलं असू शकतं.

आजीच्या काळात माठात तुरटी फिरवायचे आणि हंड्यावर फडकं बांधायचे, त्याचंच हे मोठं रूप. पण त्याला मर्यादा आहेत. हे केंद्र माती काढतं, जंतू मारतं. पाण्यात विरघळलेले क्षार, कारखान्यातली रसायनं, शेतातून आलेलं नायट्रेट ते काढू शकत नाही. नदीत मैला मिसळलेला असला तर त्यातला अमोनिया क्लोरीन खाऊन टाकतो. मग क्लोरीन वाढवावं लागतं. पाण्याला वास येतो आणि क्लोरीन व सेंद्रिय घाण यांच्या संयोगातून नको ती संयुगं तयार होतात. म्हणजे नदी जितकी घाण, तितकं केंद्र हतबल. कितीही विस्तार करा, शुद्धीकरणाची सुरुवात केंद्राच्या फाटकापाशी होत नाही. ती नदीच्या काठावर होते.

काळम्मावाडीचं पाणी तुलनेने स्वच्छ आहे, म्हणून पुईखडीचं काम सोपं झालं. सह्याद्रीतल्या पावसाचं पाणी धरणात साठतं आणि गावं-कारखान्यांना वळसा घालून बंद नळातून शहरात येतं. वाटेतली सगळी घाण आपण टाळली. टाळली म्हणजे ती नाहीशी झाली असं मात्र नाही. ती जिथे होती तिथेच आहे.

ऐंशी टक्क्यांचा हिशेब

आपल्याकडे शहरांची पाणीयोजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. त्यातलं आपण पितो किती? तीन-चार लिटर. बाकीचं आंघोळ, कपडे, भांडी, संडास. पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होतं, हाही आखणीतलाच ठोकताळा. म्हणजे तुम्ही १३५ लिटर घेता आणि १०८ लिटर परत करता. फक्त घेतलं तसं परत करत नाही.

पुईखडीचं केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं तर आठ कोटी लिटर स्वच्छ पाणी शहरात येईल, आणि सुमारे सहा कोटी चाळीस लाख लिटर घाण पाणी शहरातून निघेल. ते काळम्मावाडीला परत जाणार नाही. ते जयंती नाल्यातून, दुधाळी नाल्यातून पंचगंगेकडे जाणार. दूधगंगेचं पाणी पिऊन आपण ते पंचगंगेत सोडतो. ज्या नदीतून आपण कमी पाणी घ्यायला लागलो, तिलाच आपण सांडपाणी मात्र पूर्वीइतकंच, किंबहुना जास्त देतो.

यावर महापालिकेने काही केलंच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. कसबा बावड्यात ७६ एमएलडीचं आणि दुधाळीत १७ एमएलडीचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. नाले अडवून त्यांचं पाणी उपसून तिथे न्यायचं, अशी व्यवस्था आहे. कागदावर ती वाईट नाही. पण केंद्र असणं आणि केंद्र चालणं यांत फरक असतो. वीज गेली, पंप बिघडला, पाऊस जोराचा झाला की नाला बांध ओलांडून सरळ नदीत जातो. सगळे नाले अडवलेलेही नाहीत.

आता एक कल्पना करा. पुईखडीचं केंद्र दोन दिवस बंद पडलं. काय होईल? पहिल्या दिवशी व्हॉट्सॲपवर बोंबाबोंब, दुसऱ्या दिवशी घागरी घेऊन मोर्चा, तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर मोठी बातमी. आता कसबा बावड्याचं सांडपाणी केंद्र दोन दिवस बंद पडलं असं समजा. शहरात कुणाला कळेल? नळ चालू, संडास चालू, सगळं सुरळीत. कळलंच तर ते खालच्या गावातल्या कोळ्याला कळेल, मासे उलटे होऊन वर आले की.

दोन्ही केंद्रांत यंत्रं आहेत, पंप आहेत, माणसं आहेत. एकाच्या मागे लाखो माणसांची तहान उभी आहे. दुसऱ्याच्या मागे फक्त सद्सद्विवेक उभा आहे. आणि विवेक मोर्चा काढत नाही.

पाणी वर चढत नाही

माणसामाणसांतली नीती बऱ्याच अंशी परतफेडीवर चालते. तुम्ही माझ्या दारात कचरा टाकलात तर मीही तुमच्या दारात टाकू शकतो. म्हणून दोघंही टाकत नाही. नदीवर हा नियम लागू पडत नाही. कोल्हापूर इचलकरंजीला घाण पाठवू शकतं. इचलकरंजी ती परत पाठवू शकत नाही. पाणी वर चढत नाही, म्हणून परतफेडही वर चढत नाही. उतारावरच्या शेजाऱ्याकडे आपल्याला रोखण्याचं एकही साधन नसतं. त्याच्याशी आपण कसे वागतो, त्यातून आपली खरी नीती कळते.

प्रयाग चिखलीपासून सुरू झालेली पंचगंगा कोल्हापूर ओलांडून रुकडी, रुई, इचलकरंजी, तेरवाड, कुरुंदवाड असं करत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. २०१२च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. हा आजार मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो. त्यानंतर पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला.

इचलकरंजीनेही मग तेच करायचं ठरवलं जे कोल्हापूरने केलं. दुसरीकडून पाणी आणायचं. कृष्णेवर मजरेवाडीहून योजना होतीच. मग वारणेवर दानोळीहून आणायचा बेत झाला. गावकऱ्यांनी विरोध केला. मग दूधगंगेवर सुळकूडहून आणायचं ठरलं. कागल तालुक्यातल्या आणि दूधगंगाकाठच्या गावांनी विरोध केला. आमच्या शेतीचं आणि पिण्याचं पाणी कमी होईल, असं ते म्हणाले. तुमच्या दारात पंचगंगा आहे, आधी ती स्वच्छ करा, असाही सूर निघाला.

हा सूर ऐकायला बरोबर वाटतो. पण इचलकरंजी एकटी पंचगंगा कशी स्वच्छ करणार? तिच्या वर कोल्हापूर आहे, औद्योगिक वसाहती आहेत, साखर कारखाने आहेत, सांडपाण्याची कसलीच सोय नसलेली कितीतरी गावं आहेत. आणि इचलकरंजी तरी कुठे निर्दोष आहे? तिथल्या कापड प्रक्रिया उद्योगाचं रंगीत पाणी शिरोळ तालुक्याने वर्षानुवर्षं सोसलं आहे. प्रत्येक जण वरच्याचा बळी आहे आणि खालच्याचा अपराधी. गंमत म्हणजे प्रत्येकाला यातली पहिली ओळख तोंडपाठ असते, दुसरी आठवत नाही.

अमेरिकेतल्या शिकागोची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. शिकागो शहर मिशिगन सरोवराचं पाणी प्यायचं आणि त्याची नदी शहराची घाण त्याच सरोवरात नेऊन सोडायची. मग शहराने मोठा कालवा खणला आणि १९०० साली चक्क नदीचा प्रवाह उलटा फिरवला. घाण सरोवराऐवजी मिसिसिपीच्या दिशेने जाऊ लागली. शिकागोचं पिण्याचं पाणी वाचलं. खाली सेंट लुईस शहर होतं. त्याच्या बाजूने मिसुरी राज्य कोर्टात गेलं. १९०६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. नुकसान पुरेसं सिद्ध झालं नाही, हे एक कारण. आणि मिसुरीतली शहरंही त्याच नदीत आपली घाण सोडतात, याकडेही न्यायालयाने बोट दाखवलं.

म्हणजे आपली पाटी कोरी नसली की तक्रारीचं वजन घटतं. पण यातून वरच्याला माफी मिळते का? कोर्टात मिळत असेल. दोन अपराधी एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा अपराध निम्मा होत नाही. दुप्पट होतो.

लॉकची नदी

सतराव्या शतकातला इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक याने मालमत्तेच्या हक्काचा विचार करताना नदीचं उदाहरण घेतलं आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की एखाद्याने नदीवर जाऊन पोटभर पाणी प्यायलं तरी दुसऱ्याचं काही बिघडत नाही, कारण त्याच्यासाठी तसल्याच पाण्याची अख्खी नदी शिल्लक असते. म्हणून निसर्गातून घ्यायला हरकत नाही. फक्त इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे.

विचार सुंदर आहे. पण लॉकने घेण्याचा हिशेब मांडला, परत टाकण्याचा मांडला नाही. त्याचा माणूस पाणी पितो आणि निघून जातो. आपला माणूस पाणी पितो, आंघोळ करतो, साबणाचं पाणी सोडतो, फ्लश ओढतो. कोल्हापूर नदीतून किती घेतं यापेक्षा नदीत काय सोडतं, यावर इचलकरंजीसाठी ‘तितकंच चांगलं’ उरतं की नाही हे ठरतं. लॉकची अट आज पाळायची तर ती प्यायच्या पाण्याच्या केंद्राला लावून भागणार नाही. ती सांडपाण्याच्या केंद्राला लावावी लागेल.

आपल्या मातीतही पाण्याच्या नीतीचा मोठा वारसा आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले असले पाहिजेत, असा आदेश काढणारे शाहू महाराज याच शहराचे. १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीने प्यायलं, ते पाण्यावर सगळ्यांचा सारखा हक्क आहे हे सांगण्यासाठी. ज्या समाजाने माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटतं असं शतकानुशतकं मानलं, त्याच समाजाला नाल्याने नदी बाटते याचं कधी फारसं काही वाटलं नाही. त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर हजारो पणत्या लागतात. दृश्य खरोखर सुंदर असतं. पण पवित्र मानणं आणि स्वच्छ ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं केलं म्हणून दुसरं झालं, असं आपण फार काळ धरून चाललो.

तीन उत्तरं

हे सगळं बोललं की सहसा तीन उत्तरं येतात.

पहिलं : आम्ही पाणीपट्टी भरतो, घरफाळा भरतो, आमचं काम संपलं. पण आपण पैसे भरतो ते पाणी आपल्या घरी येण्याचे. आपल्या घरातून गेलेल्या पाण्याने दुसऱ्याचं मूल आजारी पडलं, तर त्याची किंमत कुठल्या बिलात आहे? ती इचलकरंजीतला कामगार दवाखान्यात भरतो.

दुसरं : आमच्या वरची गावंही घाण सोडतात, मग आम्हीच का सुधारायचं? हे खरं आहे. पण जो समर्थ त्याच्यावर पहिली जबाबदारी. पाच-सात हजार वस्तीच्या ग्रामपंचायतीला सांडपाणी केंद्र झेपत नाही. साडेपाच लाखांच्या शहराला, ज्याने धरणातून ५३ किलोमीटर पाईप आणला, त्याला ते झेपतं. जे आपल्या तहानेसाठी जमलं, ते दुसऱ्याच्या तहानेसाठी जमत नाही, असं कसं म्हणायचं?

तिसरं : खालच्यांनीही आमच्यासारखी धरणातून पाईपलाईन आणावी. हे उत्तर सगळ्यांत सोयीचं आणि सगळ्यांत घातक. धरणं मोजकी आहेत. काळम्मावाडी धरणासाठी गावं उठली, तिथल्या माणसांना घरदार सोडून नव्या वसाहतींत राहावं लागलं. त्या धरणावर शेतीचा हक्क आहे, खालच्या गावांचा आहे. प्रत्येक शहराने आपापली नदी नासवून वरचं धरण गाठायचं ठरवलं, तर शेवटी वर काहीच उरणार नाही. आणि सगळ्यांनी सोडून दिलेल्या नदीकडे मग बघणार कोण?

इथे कोल्हापूरकरांना त्यांचीच एक मागणी आठवावी. कर्नाटकाने आलमट्टी धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायचं ठरवलं, तेव्हा सांगली-कोल्हापुरातून तीव्र विरोध झाला, आजही होतो. आलमट्टीमुळे इथला पूर किती वाढतो यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण मागणीमागची नीती स्वच्छ आहे : तुमच्या सोयीचा निर्णय घेताना त्याच नदीवर राहणाऱ्या आमचा विचार करा, आम्ही तुमचे मतदार नसलो तरी. अगदी हेच वाक्य शिरोळचा माणूस कोल्हापूरला म्हणू शकतो. ते आपल्या तोंडी बरोबर असेल तर त्याच्याही तोंडी बरोबरच आहे.

दोन आकडे

मग करायचं काय? शहर वाढेल, पाणी जास्त लागेल, पुईखडीचा उद्या आणखी विस्तार होईल. तो व्हायला हवा. पण त्याला एक साधी अट जोडता येईल. जितके लिटर पाणी वाढवायचं, त्याच्या ऐंशी टक्के सांडपाणी शुद्ध करण्याची सोय त्याच योजनेत, त्याच निविदेत, त्याच मुदतीत. आधी पाणी, मग बघू, असं नाही. आज दोन्ही कामं वेगळ्या योजनांत, वेगळ्या फायलींत असतात. एकीला नारळ फुटतो, दुसरी रेंगाळते.

आणि रोज दोन आकडे जाहीर व्हावेत : आज शहराने किती पाणी घेतलं, आणि त्यातलं किती शुद्ध करून सोडलं. पाणी कधी येणार याचं वेळापत्रक आपण मोबाईलवर बघतोच. त्याखाली एक ओळ वाढली तर बिघडत नाही. पहिला आकडा पाहायची सवय आपल्याला आहे. दुसरा पाहायची सवय लागली की कसबा बावड्याचा पंप बंद पडल्यावरही फोन खणखणतील. यंत्रणेला विवेक नसतो, पण तिला फोनची भीती असते. ज्या केंद्रामागे कुणाची तहान उभी नाही, त्याच्यामागे निदान आपली नजर उभी करता येईल.

नदीचं मूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. कोल्हापूरने ते शोधलं, थेट धरणापर्यंत गेलं, आणि बरं केलं. आता नदीचं दुसरं टोकही पाहायला हवं. ते फार लांब नाही. कोल्हापुरातून कितीतरी माणसं दर्शनाला नृसिंहवाडीला जातात. संगमावर उतरतात, पाण्यात पाय बुडवतात, ओंजळभर तीर्थ घेतात. त्या ओंजळीत कृष्णा असते, आणि पंचगंगाही असते. म्हणजे आपल्या मोरीतून गेलेलं पाणी असतं. ते हातात घेताना आपल्याला काय वाटतं, हा ज्याने त्याने स्वतःला विचारायचा प्रश्न आहे. कुरुंदवाडच्या माणसाला तो विचारायची सोय नाही. त्याच्या वाट्याला ते पाणी रोजच येतं.